गोठ्याची वाट

५ डिसेंबर
मेंढ्या परत आल्या. अख्खा कळप त्या तीन कॉटेजांच्या अंगणात, आणि सगळ्यांच्या पुढे आमची ती मोडक्या शिंगाची म्हातारी. कुंड्या खाऊन साफ. एक मेंढी तर गरम पाण्याच्या हौदाला तोंड लावून पीत होती – आत पाहुणा बसलेला!
कॉटेजवाल्या फिलिपाबाईंचा फोन. "जॅनिस, आता हा गोठा नाहीये हो. इथे लोक सुट्टीला येतात."
मला सांगते. दर शनिवारी त्या लोकांच्या चादरी कोण बदलतं? जिथे पलंग घातलाय तिथे आमच्या गाई बांधलेल्या असायच्या.

८ डिसेंबर
डोंगर ज्यांच्या मालकीचा, त्या इस्टेटचा माणूस येऊन गेला. बसला नाही, चहाही नको. म्हणे, "पुन्हा मेंढ्या तिकडे दिसल्या तर डोंगरावरची चराई बंद." चराई गेली की कळप गेला. दुसऱ्या डोंगरावर नेऊन सोडता येत नाहीत ह्या. आईमागे फिरून इथलीच हद्द शिकल्यात, माझ्या नवऱ्याच्या, क्लिफच्या आजोबांच्या वेळेपासून.
एवढं ऐकून आमचा क्लिफ काय म्हणाला? "हं." त्याचं ते हं ऐकलं की हातातलं ताट आपटावंसं वाटतं.

११ डिसेंबर
हद्दीच्या दगडी भिंतीचं खिंडार बुजवलं. बोटं सोलली. म्हातारी वरून उडी मारून गेली, बाकीच्या तिच्यामागे.

१२ डिसेंबर
परत.

१५ डिसेंबर
दोष म्हटला तर सासऱ्यांचा. बर्फाच्या दिवसांत ते गोठ्याच्या आडोशाला गवत टाकायचे. म्हातारीची आई तिथे यायची, तिच्यामागून ही शिकली. हवा फिरली की आमच्या आधी हिला कळतं, आणि सगळ्यांना घेऊन खाली उतरते. आता गवत आम्ही आमच्या दारात टाकतो, पण तिला ते पटत नाही. गोठ्याशीच थांबणार, मग आम्ही जाऊन आणायच्या.
क्लिफला म्हटलं, "विकून टाक तिला."
"तिला?"
"नाहीतर सगळा कळप विक. ती गेली की बाकीच्या विसरतील."
"विसरतील," म्हणाला. भांडलासुद्धा नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१९ डिसेंबर
बाजारात दिली. घेणारा तोंड उघडून बघत होता. "बाई, दात तरी आहेत का हिला?"
म्हटलं, "बोट घाल, कळेल."
 

२७ डिसेंबर
एकही मेंढी तिकडे फिरकली नाही. फिलिपाबाईंनी केक दिला, वर म्हणतात, "बघा, मनावर घेतलं की होतं." केक कोरडा होता.
इस्टेटवाल्याने रस्त्यात हात केला. कळप वाचला. मी आज पाय वर करून बसले.

७ जानेवारी
रेडिओवर उद्या मोठा बर्फ सांगताहेत. दारात गवत टाकून ठेवलं.
"वर जाऊन आणायच्या का?" मी विचारलं.
"दरवर्षी आपल्या आपण उतरतात की," क्लिफ म्हणाला.
खरंच आहे. उतरतात.

८ जानेवारी
बर्फ भिंतींच्या वर गेलाय. डोंगर दिसत नाही. दारातल्या गवताला कुणी तोंड लावलेलं नाही. क्लिफ उजाडताच काठी आणि कुत्रा घेऊन वर गेलाय, अजून आलेला नाही.
आत्ता फिलिपाबाईंचा फोन आला. "जॅनिस, आज तुमच्या मेंढ्या कशा आल्या नाहीत? एवढा बर्फ, म्हणून मी मुद्दाम फाटक उघडं ठेवलंय."