बॅटरी चांगली आहे

प्रिय भटक्या,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. रविवारी सकाळी तुमच्या कॅम्पच्या रसदीच्या ट्रकवरचे ड्रायव्हरकाका तुझा फोन घेऊन आले. फोन पायमोज्यात गुंडाळलेला होता. मोजा धुतलेला होता.
२. त्यांनी तुझा निरोप सांगितला : बॅटरी तासाभरात उतरते, बदलून दे.
३. सोमवारी मी फोन आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये नेला आणि बॅटरी तपासली.
४. बॅटरी चांगली आहे.
५. बदललेली नाही. फोन या पत्राबरोबर त्याच ट्रकने परत पाठवते आहे.

तुझा फोन माझ्याकडे असल्यामुळे तुला मेसेज करता येत नाही, म्हणून कागद. शेवटच्या परीक्षेनंतर इतकं हाताने लिहिलेलं नाही. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच, पण चौथा मुद्दा अंदाजाने वाचू नकोस.

‘चांगली’ हा शब्द मी मोजल्याशिवाय वापरत नाही, हे तुला माहीत आहे. तू मला मीटर म्हणायला लागलास ते त्याच खोडीमुळे. तर, नव्या बॅटरीत जेवढा दम असतो त्यातला दहावा हिस्साही तुझ्या बॅटरीचा गेलेला नाही. पहिल्या चाचणीवर मी विश्वास ठेवला नाही, पुन्हा केली. मग वाटलं, तुमच्याकडे थंडी फार, थंडीत भल्या भल्या बॅटऱ्या मान टाकतात. म्हणून फोन शीतपेटीत ठेवला. तिथेही तो संध्याकाळभर निघेल इतका टिकला. मग वाटलं, तुमच्या बोगद्याच्या कामावरची माती चार्जिंगच्या भोकात गेली असेल. भिंगाखाली धरून बघितलं, थोडी माती होती, काढली, काही फरक पडला नाही. एखादं ॲप आतून बॅटरी खात असेल, तर ते बघायला फोन उघडावा लागला असता. तुझा पासवर्ड मला माहीत आहे. वापरला नाही. फोन नुसता चालू ठेवून किती खातो ते बाहेरून मोजलं. काहीच खात नाही बिचारा. शेजारच्या टेबलावर जी बसते, जिला आम्ही सगळे आत्याबाई म्हणतो, ती बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, “काय गं, बॅटरी तपासतेयस की आरोपीला सोडवतेयस?” मी म्हटलं, दोन्ही.

ड्रायव्हरकाकांना यातलं काही विचारू नकोस. भला माणूस आहे. आईंनी त्यांना चहा दिला आणि नेहमीप्रमाणे तुझी चौकशी सुरू केली. वजन, खोकला, कपडे कोण धुतं. काका खुलले. म्हणाले, “वहिनी, साहेबांमुळे कॅम्पवर करमतं बघा. जेवणं झाली की साहेब फोनवर गाणी लावतात, अगदी सगळे झोपेपर्यंत. फर्माइशी चालतात.” आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. काकांनी आणखी अर्धा कप मागितला आणि मी तो ओतला. तुझ्या आवडीची गाणी तिथे वाजतात हे ऐकून बरं वाटलं, हेही खरं आहे. या आठवड्यात ती बंद असतील. त्याबद्दल माझ्या वतीने सगळ्यांची माफी माग.

गेल्या वर्षभरात आपण काय बोललो ते आठवायला गेले, तर ते बहुतेक चार्जिंगबद्दलच निघतं. तू म्हणालास, जनरेटर दोनच तास चालतो. मी पॉवर बँक पाठवली. पॉवर बँक भरायला रांग लागते म्हणालास, मी घडीचं सोलर पॅनेल पाठवलं. मग ढग आले. ढग गेल्यावर उंदराने केबल कुरतडली. मी जाड वेष्टणाची केबल पाठवायला काढली, तर आईंनी त्याच खोक्यात उंदराचा पिंजरा घातला. म्हणाल्या, “नुसती केबल पाठवशील तर ती उंदरालाच पाठवल्यासारखी. आधी त्याचा बंदोबस्त कर.” उंदीर सापडला की नाही ते तू कळवलं नाहीस, कारण त्यानंतर रेंज गेली. आणि शेवटी बॅटरी. ‘बॅटरी कमी आहे, नंतर बोलतो’ हे वाक्य तुझ्याकडून इतक्या वेळा आलं आहे की तुझं नाव स्क्रीनवर दिसलं की मी ते उघडायच्या आधीच वाचलेलं असतं. फोन पाठव, बदलून देते, असा धोशा मीच लावला होता. तुझ्याकडे नाही म्हणायला काही उरलं नसेल, म्हणून पाठवलास. एवढं मला आता कळतं.

आपली ओळख झाली तो फोन आठवतो का? मी तेव्हा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर शिकाऊ होते. तुझ्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं आणि तू त्याला रबरबँड लावला होतास. मी म्हटलं, हा फोन नाही, फुगा आहे. तू म्हणालास, “चालतोय की!” बॅटरी बदलून दिली तरी त्या फोनचं दुखणं आतलं होतं, तो कधीच धड टिकला नाही. लग्नानंतर पहिल्या कॅम्पवर तोच घेऊन गेलास. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढलं की रेंज येते असा शोध लावलास आणि रोज त्या शिडीवरून बोलायचास, फोन मरेपर्यंत. बोलणं कधी वाक्याच्या मध्ये तुटायचं, कधी शब्दाच्या. ‘आणि तो बोका’ एवढं म्हणून एकदा फोन बंद पडला. दुसऱ्या दिवशी मी फोन उचलला तर ना हॅलो ना काही, तू थेट म्हणालास, ‘मुकादमाच्या टोपीत झोपला होता.’ तुटल्या ठिकाणापासून पुढे. मला तेव्हा वाटायचं, चांगला फोन असता तर किती बोललो असतो. म्हणून पहिल्या पगारवाढीत मी तुला आत्ताचा फोन घेऊन दिला. माझ्या कामात अशी आकडेवारी समोर आली असती तर मी ती चुकीची ठरवून परत पाठवली असती : बॅटरी सुधारली आणि बोलणं कमी झालं.

इकडे सगळ्यांना नव्या मॉडेलचे वेध लागले आहेत. मी फोनच्या कंपनीत काम करते हे कळल्यापासून इमारतीतले लोक मला जिन्यात गाठतात. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर परवा म्हणाले, “ताई, खरं सांगा. आत्ता घेऊ की थांबू?” मी नेहमीचं विचारलं, आत्ताचा नीट चालतोय ना? ते म्हणाले, “चालतोय हो. पण मन उडालंय.” माझ्या खात्यात बॅटरी येते, मन येत नाही.

कंपनीने गेल्या आठवड्यात काही गोष्टी जाहीर केल्या, त्यामुळे तेवढ्या तुला सांगायला हरकत नाही. टॉवर नसला तरी नव्या फोनमधून उपग्रहामार्फत छोटा निरोप जातो. चार्जिंगच्या चकतीवर नुसता ठेवला की भरतो, केबल लागत नाही. पाठीवर ऊन पडलं तरी थोडाफार भरतो, ढगाळ उजेडातही. थंडीत मान टाकत नाही. शुक्रवारच्या बैठकीत ही यादी मी मोठ्याने वाचून दाखवत होते. टॉवर, केबल, ढग, थंडी. वाचता वाचता अडखळले. वर्षभर लॅबच्या टेबलाशी बसून मी तुझं एकेक कारण बुजवत आणलं होतं आणि मला ते वाचेपर्यंत दिसलं नव्हतं. आमचे साहेब म्हणाले, “मॅडम, पुढे?” मी म्हटलं, पुढे काही नाही, यादी संपली. दोनच दिवसांनी मोज्यातून फोन आला.

खरं सांगायचं तर सोमवारी एकदा मनात आलं की गुपचूप नवी बॅटरी टाकावी आणि ‘बदलली, आता चालेल’ असं सांगून मोकळं व्हावं. तुझी अब्रू राहिली असती, माझीही. आईंना चार दिवस उमेद आली असती. त्या मला परवा विचारत होत्या, “एवढं सगळं घातलंत त्या फोनात, माणसाला बोलतं करायचं बटण आहे का?” पण मग पुढच्या उंदराची वाट बघत बसायचं, ते मला जमलं नसतं. पलंगाच्या तुझ्या बाजूचा चार्जर अजून भिंतीतच आहे. फोन लावलेला नसला तरी चार्जर थोडी वीज खात राहतो, कामाचा नसेल तर काढून ठेवा, असं मी लोकांना सांगत असते. तो काढलेला नाही. सकाळी केर काढताना त्याला हात लागतो. कोमट असतो.

हे सगळं लिहायचं कारण आता लिहिते. नवं मॉडेल दुकानात यायच्या आधी आम्हा प्रत्येकाला घरच्या एका माणसासाठी एक फोन मिळतो. कुणासाठी, ते नाव येत्या सोमवारी द्यायचं आहे. आईंना विचारलं, त्या म्हणाल्या, “मला कशाला? माझ्याशी बोलणारे सगळे जिन्यातच भेटतात.” राहिलास तू. या फोनमध्ये एक सोय मी मागे लागून घालून घेतली आहे. शेवटचे पाच टक्के तो एकाच क्रमांकासाठी राखून ठेवतो. बाकी सगळं बंद पडतं, गाणीसुद्धा, पण त्या एका माणसाशी बोलता येतं. ही सोय कोण वापरणार असं बैठकीत विचारलं गेलं, तेव्हा मी आकडे दाखवले, खरं कारण सांगितलं नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर फोन तो क्रमांक विचारतो. मी इथूनच भरून पाठवू शकते. भरणार नाही. तिथे तुला कुणाचा लिहावासा वाटतो, माझा वाटतो का, ते मला तुझ्याकडून हवं आहे. फोन हवा असेल तर ‘हो’ लिही, पण त्यानंतर न बोलायला काही कारण उरणार नाही हे धरून लिही. ‘नको’ लिहिलंस तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही. पण मला कळलेलं असेल, आणि मी तुझ्या बॅटऱ्या तपासत बसणार नाही. ट्रक येत्या रविवारी सकाळी इथे परत येतो. ड्रायव्हरकाकांच्या हाती रविवारपर्यंत उत्तर पाठव.

तुझीच,
मीटर