तीन मेलेले डबे

कॉव्हेंट्री,
९ मार्च

प्रिय रॉडनी,

बरा असशील. समुद्रावरचा गार वारा तुझ्या गुडघ्याला सोसतोय ना? इथे सगळं ठीक आहे. शेजारच्या ग्वेननं घर विकायला काढलंय, आणि माझं मांजर आता जिना चढत नाही. फोन केला की तू ठेवून देतोस, म्हणून पत्र.

आधी कारखान्याची बातमी. आपल्या मर्सिया मोटर्सनं सगळी जुनी मॉडेलं बंद करून फक्त श्रीमंतांसाठी गाडी काढायचं ठरवलं, ती अजून रस्त्यावर आलेली नाही. शोरूमला संगमरवर लागला, कॉफी चांदीच्या ट्रेमधून येते, विकायला गाडी मात्र नाही. आणि तू सहा वर्षं जिच्या बॅटऱ्या जोडल्यास ती विजेची गाडी दुरुस्तीला आली, की तिला मागच्या दारानं आत घ्यायची असा हुकूम आहे. नव्या गिऱ्हाइकाला म्हातारी दिसायला नको.

जानेवारीत मर्सी ओडुया नावाची सुईण तिची गाडी घेऊन आली. चाळीस मैलांत बॅटरी मान टाकायची. कंपनीचं उत्तर ठरलेलं: अख्खी बॅटरी बदला नाहीतर गाडी भंगारात द्या. अख्ख्या बॅटरीला गाडीपेक्षा जास्त पैसे पडतात. ती मला म्हणाली, "बाई, मला नवं काही नको. मला केनिलवर्थला वेळेत पोचायचंय. तिथल्या बायका माझ्यासाठी थांबत नाहीत."

त्याच शनिवारी मी बॅटरी उघडली. आतल्या सेलच्या एवढ्या सगळ्या डब्यांत फक्त तीन मेलेले. अपघातातल्या एका गाडीतले तीन काढून बसवले, दुपारच्या चहापर्यंत काम झालं. मर्सी आता एका चार्जिंगमध्ये पावणेदोनशे मैल जाते.

सोमवारी आपल्या मोठ्या साहेबांनी, पेनहॅलोंनी, बोलावलं. टेबलावर एक कागद होता: या बॅटऱ्यांची दुरुस्ती शक्य नाही. खाली माझं नाव, बॅटरी विभागप्रमुख म्हणून.

"साहेब, परवाच एक केली मी."

"म्हणूनच सही लवकर हवीय. लोरेन, हे लोढणं गळ्यात बांधून आपण वर कसे जाणार?"

"लोढणं नाही, गिऱ्हाइकं आहेत ती."

"तुझा विभाग मी एकदा वाचवलाय. विसरलीस?"

विसरले नव्हते. रॉडनी, इथपर्यंत पत्र आणायला मला चार कागद फाडावे लागले.

तीन वर्षांपूर्वी कारखान्याच्या समितीत पाच विरुद्ध चार मतांनी तुझी बॅटऱ्या जोडायची लाइन बंद झाली. पाचवा हात माझा होता, हे तुला ठाऊक आहे. बाकीच्यांसारखी तीही पेनहॅलोच्या गोड बोलण्याला भुलली, असं तू ग्वेनला म्हणालास. भुलले असते तर बरं होतं. मतदानाच्या सहा आठवडे आधी त्यानं मला सांगितलं होतं की तुझी लाइन जाणार, आणि मी हात वर केला तर माझा विभाग राहील. मधे नाताळ आला. तू माझ्याच टेबलावर बसून नव्या स्वयंपाकघराचं चित्र काढून दाखवत होतास, ओटा कुठे, खिडकी कुठे. मी तुला आणखी बटाटे वाढले आणि म्हणाले, "छान दिसेल रे." एवढंच.

सही मी केली नाही. तीन डबे कसे बदलले ते पानभर लिहिलं, खाली नाव घातलं. एक प्रत पेनहॅलोला दिली, एक गाडीमालकांच्या संघटनेला. संघटनेनं बोंब ठोकली. वर्तमानपत्रांत आलं, आणि नवी गाडी दाखवायच्या आठवड्यात कंपनीला हे परवडेना. आणखी दोन वर्षं सुटे डबे विकू असं त्यांनी लेखी दिलंय. दोनच वर्षं, पण मिळाली. मला त्याच शुक्रवारी घरी बसवलं.

मी बसलेली नाही. फोलशिलला टायरवाल्याची बंद पडलेली जागा घेतलीय. पहिल्या आठवड्यात सात गाड्या आल्या, पुढच्या महिन्यात माझ्या दोन हातांना हे झेपणार नाही. तुझ्याइतक्या सफाईनं त्या बॅटऱ्या जोडणारा माणूस मला माहीत नाही. पण तू कामाला यावंस म्हणून मी ही कबुली दिलेली नाही. तू आला नाहीस तरी कबुली तशीच राहील, आणि दुकानही चालेल.

रविवारी सकाळी मी बार्मथला तुझ्याकडे निघतेय. अकरापर्यंत पोचेन. तुला शिव्या घालायच्या असतील तर समोर घाल, मी ऐकून घेईन. दार उघडलं नाहीस तर बाहेर गाडीत बसून सँडविच खाईन आणि परत येईन. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा निघेन.

तुझ्याशी खोटं वागलेली, आता न वागणारी
तुझी थोरली बहीण,
लोरेन