वेल्ह्याच्या माद्या

भोर, ८ जुलै १९४१
शाळेचं कपाट उपसताना नव्या मास्तरांना माझी बेडकांची वही सापडली. "ठेवू की टाकू?" म्हणे. टाकू! हिसकावूनच घेतली. मोरीशी येऊन बसणारे ते खरबरीत पाठीचे बेडूक. पुण्याच्या प्राध्यापकांना नर-मादीची मापं हवी होती, भोरची अन् वेल्ह्याचीही. भोरची मी घेतली, वेल्ह्याची हसनभाई शिंप्यानं. आठवडाभर राहून, गळ्यात टेप घालून. काय दिवस होते!

९ जुलै
वही वाचतोय. भोरला मादी नराहून अर्धं बोट मोठी. हसनभाईच्या आकड्यांत वेल्ह्याची मादी नराच्या दीडपट. त्यावर माझी लाल काट, शेजारी 'टेप सैल'. वेल्ह्याचे आकडे पुण्याला पाठवलेच नाहीत. त्याला कळलं तेव्हा म्हणाला, "मास्तर, म्या कोटाचं माप चुकवत न्हाई, बेडकाचं चुकवीन?" पुढं तो वेल्ह्याला सासुरवाडीस गेला, तिकडचाच झाला. अठरा वर्षं. मी एक पत्र टाकलं नाही. वा रे शहाणा!

१९ जुलै, वेल्हे
नसरापूरपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. कंबरेचा खुळखुळा. हसनभाईची नजर पार गेलीय. आवाजावरून ओळखलं. "मास्तर? लई उशीर केलात." बेडकांचं काढलं तर हसला. सुनेनं रांजणामागून दोन आणून दिले. त्यानं एकेकाला काखेत हलकं दाबलं. एक किरकिरला. "ह्यो नर. आंगठा बगा, कसा खरखरतोय. आन ही गप, म्हंजी मादी." बोटं तीच. मला रडू आलं. त्याला दिसलं नाही, बरं झालं.

२० जुलै
ओढ्याकाठी सकाळपासून नर-माद्या मापल्या, पट्टी अन् कंपास घेऊन. माद्या दीडपटच. पाच-सहातच कळलं होतं, तरी मापत राहिलो.
"काय आलं?"
"तुझंच खरं, हसनभाई."
त्यानं पट्टी मागून घेतली, बोटांनी चाचपली. मग, "पुण्याला लिवनार का?"
प्राध्यापक तिथं आहेत की नाहीत, देव जाणे. हो म्हणालो.

२१ जुलै
पत्र मांडलंय. आकडे त्याच्या नावानं घातले. मग ते तेव्हा का वगळले, तिथं अडलोय. टेप मी हातात घेऊन पाहिलासुद्धा नव्हता. शिंप्याला काय कळतंय, एवढंच मनात आलं होतं. तेच लिहायला हवं.
हसनभाई शेजारीच बसलाय. म्हणतो, "झालं आसंल तर वाचून दावा, मास्तर."