उलटा घड, जांभळी बाग

रविवार, दिवेलागण

आमच्या आबांचं काय करावं! माझ्या लेकीला, मनूला सुट्टी म्हणून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, असोद्याहून बोलावून घेतलं आणि तिघं जळगावात कार्टूनचा पिक्चर बघायला गेलो. हत्तीचं हरवलेलं पिल्लू केळीच्या बागेत आईला शोधत फिरतं. गाणं सुरू झालं, सोबत नुसती बासरी, आणि सगळी बाग हळूहळू जांभळी होत गेली. माझ्या अंगावर काटा आला. नेमके तेव्हाच आबा मोठ्यानं म्हणाले, "अवं माय, घड उलटा काढला यायनं!"

अख्खं थिएटर हसलं. मी मान खाली घातली.

पण खरंच की, पडद्यावरची केळी खाली तोंड करून लोंबत होती. खऱ्या घडात ती वर वळलेली असतात. मी केळीच्या बागेत वाढलेली, मला कसं दिसलं नाही? गाण्यानं भूल घातली, दुसरं काय! तो उलटा घड घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना.

घरी आल्या आल्या मनूनं चित्र काढलं. घड अगदी बरोबर, पण झाड जांभळं.

आबा म्हणाले, "जांभळी केळ कुठी असते, बाई?"

"गाण्यात असते," मनू म्हणाली.

आता भाषण ऐकावं लागणार, मला वाटलं. आबांनी चित्र लांब धरून पाहिलं. बासरीची ती ओळ शिट्टीवर वाजवून बघितली, जमली नाही.

"मंग मले बी काढ तिथी बांधावर," ते म्हणाले. "जांभळाच काढजो."