तिकडचा दादा

लालबाग, शनिवार

दादा,

काल फोनवर ओरडलास, "टांझानियातल्या पोरांना फुकट शिकवायला चाललीस, मग आईचं कोण करणार?" बाबा गेल्यापासून तुझाच शब्द शेवटचा. रविवारी वरळीहून येतोस, आईच्या डोक्यावरून हात फिरवतोस, कोंबडी-वडे जेवून जातोस. तिला उठवणं, आंघोळ घालणं, वेणी घालणं, हे माझं. मी बहीण ना!

तीन महिन्यांसाठी सोमवारी निघतेय. बॅग भरलीय. तिथल्या शाळेसाठी स्वाहिली शिकतेय. त्या भाषेत 'दादा' म्हणजे बहीण, हे कळलं तेव्हा इतकी हसले, की आतून आईने विचारलं, "काय गो झाला?" तिला सांगता सांगता माझं हसू आटलं.

उद्या तू राहायला येणार की नाही, अजून कळवलेलं नाहीस. आईने दोनदा दाराकडे बघितलं.

हे पत्र तुला देणार नाही. आलास, तर आईचा कंगवा तुझ्या हातात ठेवीन आणि म्हणेन, "दादा, आता तू."

कुठल्या भाषेत म्हणेन, ते माझं मला ठाऊक.

न विचारता निघालेली,
सुचेता