बाल्कनीतली फुकटची ऊब

सिवास, तुर्कस्तान, ३ डिसेंबर

आग डोळ्यांना दिसली नाही की आईला थंडी का वाजते? मला खरंच सांगता येत नाही. गावची कोळशाची शेगडी सुटली, हा फ्लॅट मिळाला, मागच्या बाल्कनीत आमची स्वतःची कोंबी, घर तापवायचं गॅसचं यंत्र, बसली. आमचा बॉयलर, आमचा गॅस, आमचे रेडिएटर. गॅसवाल्यांनी तपासून पास केली. तरी आई रेडिएटरला हात लावून म्हणते, हे काय, लोखंडाला ताप आलाय!

संकल्प : बाबा ट्रक घेऊन वसंतात परततील, तोवर शिकलेली मुलगी घर कसं चालवते ते दाखवायचं.

५ डिसेंबर

खालच्या पेरिहान मावशींनी आपली कोंबी बंदच ठेवलीय. आमच्या उबेवर जगतात. नागरिकाचं कर्तव्य समजवायला गेले. म्हणाल्या, तुझी जमीन ती माझं छत, तू नीट तापव ना पोरी, मी कशाला जाळू? बोरेक खाऊन परत आले. विषय अर्धवट राहिला.

८ डिसेंबर

बाल्कनीला काचा बसवल्या. कल्पना माझी. कोंबीच्या धुराड्यातून एवढी गरम हवा बाहेर आभाळाला जात होती! आता धुराड्याचं तोंड काचेच्या आत. बाल्कनी हमामसारखी. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवते, ऊब फुकट आत येते. बदल केल्यास कळवा, असं गॅसच्या पत्रकात आहे. ते यंत्र न समजणाऱ्यांसाठी. मी अर्थशास्त्राची पदवीधर.

११ डिसेंबर

आईचं डोकं दुखतंय. रुमाल घट्ट बांधून बसते. म्हणते, काचा घामेजतात, घर छातीवर बसतं. खाली मावशींच्या थंडगार घरात गेली की डोकं हलकं होतं. म्हणजे औषध एकच : गप्पा.

वरच्या मजल्यावरचे तुंजाय मास्तर तान्ह्या मुलीला खांद्यावर टाकून बाल्कनी बघायला आले. भिंतीला हात लावून म्हणाले, वा, ताई, इथे तर लिंबू पिकेल! बाळाला आंघोळ घालताना बायको कुडकुडते म्हणे. काचवाल्याचा नंबर दिला. माझा पहिला अनुयायी.

१४ डिसेंबर

आईला उलट्या. लोणचं जास्त झालं असणार. तिची गादी स्वयंपाकघरात हलवली, बाल्कनीच्या दाराशी, सगळ्यात उबदार जागी. ती म्हणाली, मला मावशीकडे झोपू दे. नाही म्हटलं. लोक काय म्हणतील, मुलीने घर गरम केलं आणि आई शेजारी पळाली?

माझंही डोकं जड. सरकारी परीक्षेचा अभ्यास.

१५ डिसेंबर

मास्तरांच्या काचा बसल्या. हलव्याची थाळी आली. बाळाचा पाळणा त्यांनीही स्वयंपाकघरात हलवला. फार बरं वाटलं.

एकच पान पुन्हा पुन्हा वाचतेय. आईचे गाल मात्र गुलाबी झालेत. ऊब मानवली.

१६ डिसेंबर

आई दुपारी उठली नाही. झोपू दे. हाक मारली तर हूं म्हणते. दार अजून थोडं उघडलं, ऊब येऊ दे. मीही जरा

१८ डिसेंबर, मावशींकडे

आई चहाला आली नाही म्हणून मावशी वर आल्या. ठेवायला दिलेल्या किल्लीने दार उघडलं, खिडक्या उघडल्या, दोघींना काखेत धरून जिन्यात ओढलं. वर मलाच म्हणाल्या, अगं बये, जड किती तू, पुस्तकं खातेस का?

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, धुराड्याचं तोंड कुठे उघडतं? मी चित्र काढून नीट समजावलं. त्यांनी चित्रातल्या काचेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, धुराड्यातला हा वायू दिसत नाही, वासही येत नाही.

आईला अजून ऑक्सिजन लावलाय. भेटायला येणाऱ्यांना सांगते, नजर लागली, माझी लेक हुशार आहे ना.

मला आज सोडलं. घरी न जाता आधी मास्तरांकडे गेले. कोंबी चालू होती. म्हटलं, ती बंद करा, काचा काढून टाका. मास्तर डोकं दाबत म्हणाले, ताई, नव्या काचा आहेत, उद्या घरमालकाला विचारतो, तुम्हीच तर सांगितलं होतं. त्यांची बायको म्हणाली, हळू बोला, आज कधी नव्हे ते बाळ रडत नाहीये, सकाळपासून शांत झोपलंय.

समजावून सांगणं मला चांगलं जमतं. पण सांगत बसले नाही. कोंबी बंद केली, बाळ त्याच्या आईच्या हातात देऊन तिला जिन्यात ढकललं, आणि त्यांच्याच ओट्यावरचं लाटणं घेऊन सगळ्या काचा फोडल्या.