गल्लीतली एकमेव कुलूपबंद गाडी

चर्चिल, ४ नोव्हेंबर १९८४

चि. वॉलेस यास डोरीनचे अनेक आशीर्वाद.

आपल्या घराण्याच्या इतिहासात नोंद व्हावी, की तुझ्या थोरल्या बहिणीला तिच्याच गाडीने आठवडाभर दारात उभं केलं आहे. तू मालगाडीवर चढवून पाठवलेली निळी गाडी सुखरूप उतरली. शेजारच्या मकायने आपल्या ट्रकला बांधून ती बर्फावरून घरापर्यंत ओढत आणली. किल्ली टपालाने आली. ती कुलपात अर्धी जाते आणि कचेरीतल्या कारकुनासारखी तिथेच बसते. ना पुढे, ना मागे.

कुलूप लावायची बुद्धी तुला दिली कुणी? विनिपेगला गेलास म्हणून गावात शिरणारी पांढरी अस्वलं विसरलास? मागे अस्वल लागलं तर दिसेल त्या गाडीत शिरायचं, म्हणून इथे कुणी गाडीला कुलूप लावत नाही, हे आपण चालायच्या आधी शिकलो. आता गावभर झालं, की डोरीनला गाडी काय मिळाली, लगेच भाव वाढला. समोरच्या फ्लोरामावशीने तर काल ऐकवलंच, की आईमागे तुम्हा दोघांना मी भरवलं, तेव्हा घास कुलपात ठेवले नव्हते.

चिडून किटलीभर उकळतं पाणी ओतलं. घटकाभर आशा वाटली, मग कुलपावर मुठीएवढं बर्फ बसलं. उपाय कळव.

लोभ आहे. वाढवायचा की नाही, ते गाडी उघडल्यावर बघू.

डोरीन

विनिपेग, ११ नोव्हेंबर

ती. डोरीनताईस, वॉलेसचा सा. न.

गाडी फुकट दिली, वर फटके खाल्ले. इथे माझी गाडी दोनदा फोडली गं! मालगाडीवर उघडी सोडायला मी काय संत आहे? आणि उकळतं पाणी? तुला लहानपणापासून शहाणी म्हणत आलो, चूक झाली.

किल्ली मेणबत्तीवर तापव, घाल, काढ, पुन्हा तापव. कुलपात स्पिरिटचे थेंब सोड. कागदाच्या नळीतून फुंकर मार, पण ओठ लोखंडाला लावू नकोस, चिकटून बसशील. गावाला तेवढीच शांतता मिळेल म्हणा. जोर लावू नकोस, किल्ली मोडेल. पाठवण्याआधी गाडी चांगली धुऊन दिली होती, ते तर तुला दिसलंच नाही!

मावशीला सांग, पहिली फेरी तिची. तुझ्या जिभेवरही थोडं स्पिरिट सोड, म्हणजे लोभ वाढेल.

वॉलेस

चर्चिल, १९ नोव्हेंबर

वॉलेस,

या पत्रात आशीर्वाद नाहीत. शोधू नकोस.

धुऊन! नोव्हेंबरच्या तोंडावर! पाणी कुलपात शिरणार आणि वाटेत गोठणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तुझं मेणबत्तीचं ज्ञान काल संध्याकाळच्या आगगाडीने आलं. अस्वल दुपारीच येऊन गेलं होतं.

मावशी दुकानातून परतत होती. ते घरामागून निघालं, आणि ती सगळ्यांत जवळच्या गाडीकडे धावली. म्हणजे आपल्या. दाराची मूठ दोन्ही हातांनी ओढत ओरडत होती, की डोरीन, उघड गं. मी दारातून किंचाळत होते, की ती उघडत नाही, मकायच्या ट्रककडे पळ. उजवा ओलसर हातमोजा गोठलेल्या मुठीला चिकटला. तिने हात हिसडून सोडवला, पडली, उठली, आणि ट्रकमध्ये शिरून दार ओढून घेतलं. अस्वल आपल्या गाडीशी थांबून तो मोजा चाटत बसलं, तेवढ्यावर ती वाचली. मग अस्वलांच्या पहाऱ्याची माणसं फटाके उडवत आली.

उजवं मनगट मोडलंय. मी सूप घेऊन गेले तर दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, की बंद दारं जन्मभर पाहिली, पण माझ्या पोरांचं आजच पाहिलं.

तुला काय लिहू? लोभाचं नंतर बघू.

डोरीन

विनिपेग, २६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र फाडणार होतो. कुलूप माझं, धुणं माझं, कबूल. पण किटली तुझी, तीही लिहून ठेव. मावशीला तीनदा फोन केला. आवाज ओळखला की ठेवून देते. मी माझ्यावर जितका संतापलोय, तितकं तुला जमणार नाही. उगाच दमू नकोस.

काच फोड, दार तोड, काय हवं ते कर. फक्त तिचा हात कसा आहे ते लिही. बाकी कागद शिव्यांनी भरलास तरी चालेल.

वॉलेस

चर्चिल, ९ डिसेंबर

चि. वॉलेस यास, उरलेसुरले आशीर्वाद.

हात बरा होईल. प्लास्टर नाताळनंतर निघेल. अजून माझ्याशी बोलत नाही.

मेणबत्ती आणि स्पिरिटने कुलूप उघडलं. उघडल्यावर इतका राग आला, की मेकॅनिककडून सगळी कुलपं उपटून काढली. भोकांतून वारा शीळ घालतो, सीटवर बर्फ साचतं. मकाय म्हणतो, गाडी आहे की चाळणी. असू दे. तुझ्यावरचा राग कमी झालाय असं समजू नकोस. नाताळला समोर ये, मग तोंडावर देते.

मुठीला चिकटलेला मावशीचा हातमोजा मी सोडवून आणला होता. पाठीवरची मण्यांची फुलं शाबूत होती, तळवा फाटला होता. मूस हरणाचं कातडं मिळवलं आणि चार संध्याकाळी बसून नवा तळवा घातला. बारीक टाके तिनेच शिकवलेत, त्यामुळे तिच्या नजरेला चालतील असे जमेपर्यंत दोनदा उसवले. आज ती चर्चला गेली होती, दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. तिच्या चुलीजवळच्या खुंटीवर डावा मोजा एकटाच होता. त्याच्याशेजारी उजवा अडकवला, चुलीत दोन लाकडं सारली, आणि ती यायच्या आत घरी आले.

लोभ असू दे.

डोरीन